प्रश्न उद्भवत नाही

आमच्या घराण्यात पहिलं मूल बापाच्या घरी जन्मत नसे. आमच्याच कशाला, चौलातल्या आमच्या अख्ख्या आळीत जन्मत नसे. पहिलटकरीण माहेरी जायची, सव्वा महिना झाला की बाळ घेऊन परत यायची, आणि पुढची बाळंतपणं मग सासरीच, न्हाणीशेजारच्या काळोख्या खोलीत व्हायची. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं वाटायचंच नाही. भाताला पाणी लागतं हे कोणी सांगत बसतं का?

आळीतल्या निम्म्याहून जास्त सुना खाडीपलीकडच्या होत्या. रेवदंड्याच्या तरीवर होडीत बसायचं, पान लावून तोंडात टाकायचं, ते रंगेपर्यंत पलीकडचा किनारा यायचा. इकडं सरकारी मुलूख, तिकडं संस्थान. आम्हा बायकांना त्यातला फरक ठाऊक होता तो एवढाच, की पलीकडच्या नाक्यावरचा शिपाई पिशवीत हात घालून चाचपायचा आणि इकडचा नुसता बघायचा. माझी आई पलीकडची. म्हणून थोरला दादा जन्मला पलीकडं, मामाच्या घरी, आणि मी शेंडेफळ जन्मले इकडं. मधली दोघं राहिली नाहीत. वडील मी लहान असतानाच तापानं गेले. तेव्हापासून आमची पोफळीची वाडी, विहिरीवरचा रहाट आणि रहाटाचा रेडा, सगळं दादाच्या अंगावर होतं.

दादा माझ्यासारखाच. म्हणजे कामाला वाघ आणि तोंडाला फटकळ. आई म्हणायची, तुम्हा दोघांना जिभा मी माहेरून आणून दिल्या.

त्या साली रेवदंड्याच्या चौकीवर नवे फौजदार आले. माणूस तसा वाईट नव्हता, पण त्यांना पाहुणे फार. पाहुणे आले की शिपाई आमच्या वाडीत हजर. शहाळी द्या. एकदा दिली, दोनदा दिली. पुढच्या खेपेला दादा रहाटावरून खाली उतरलाच नाही. रेड्याला हाकत हाकतच म्हणाला, "साहेबांना सांग, माड जागच्या जागी उभे आहेत. चढून घ्या म्हणावं!"

फौजदार अंगानं चांगलेच भरलेले होते. त्यामुळं गावाला ते चित्र फारच आवडलं. दुकानात, देवळात, तरीवर, जिथं तिथं तेच. एकानं तर कमरेला दोर बांधून माडावर चढायची नक्कल करून दाखवली. मीही पोट धरधरून हसले. हसू नको काय?

आठवड्याभरानं फौजदारांनी दादाला चौकीवर बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. शहाळ्यांचं नावसुद्धा नाही. वाडी केवढी, घरात कोण कोण, अशा गप्पा. बोलता बोलता विचारलं, जन्म कुठला? दादानं खुशाल सांगितलं, "आजोळचा. पलीकडचा." लपवण्यासारखं आहे हे माहीत तर हवं!

माघात हुकूम आला. सदर इसम संस्थानात जन्मलेला, सबब संस्थानी प्रजा, सबब परका. त्याचे सरकारी हद्दीत राहणे इष्ट नाही. मुदतीच्या आत हद्द सोडावी. मी सातवी पास होऊन लग्नाची वाट बघत घरात बसलेली. घरात वाचणारी मीच. तेव्हा तो कागद आईला मीच वाचून दाखवला. 'परका' हा शब्द आला तसं तिनं विचारलं, "कोण परका?" मी म्हटलं, "दादा." ती म्हणाली, "नीट वाच." मी परत वाचलं. मग तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

दादा गेला. दोन शिपाई त्याला तरीपर्यंत पोचवायला. मामाच्या घरी राहिला, आणखी कुठं जाणार? आम्ही पलीकडं जाऊ शकत होतो, तो अलीकडं येऊ शकत नव्हता. रहाट मी आणि आई आळीपाळीनं हाकायला लागलो. वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. तिला आई रेड्याजवळ फिरकू देईना. ही वहिनी अलीकडच्याच नागावची, आमच्या मानानं अगदीच गरीब गाय. विचारलं तर बोलायची, आणि कधी कधी विचारलं तरी नाही. ती पाटाचं पाणी झाडांच्या आळ्या-आळ्यांत वळवत राहायची.

होडीवाला नाखवा आमचा निरोप्या झाला. दादा पलीकडून त्याला सांगायचा, तो इकडं येऊन ओरडायचा, "वरच्या कोपऱ्यातल्या पोफळींना शेणखत घाला! रेड्याच्या खांद्याला तेल लावा!" पाण्यापलीकडून वाडी सांभाळायची म्हणजे काय थट्टा आहे? चैत्रापर्यंत वरच्या कोपऱ्यातली झाडं पिवळी पडलीच. मामा दादाला म्हणाले, इथंच थोडी जमीन बघू का? दादा त्यांच्या अंगावर धावून गेला म्हणे. त्याला घर हवं होतं, जमीन नाही.

हे सगळं अलिबागेच्या वकीलकाकांच्या कानावर गेलं. वडिलांचे चुलतभाऊ, काळा कोट, आवाज खणखणीत. ते म्हणाले, कोर्टात जन्म जाईल. पण आता मुंबईला नवीन असेंब्ली बसली आहे, आपल्यातलेच मंत्री आहेत. आपल्या सभासदामार्फत न्यायमंत्र्यांना प्रश्न विचारू. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं.

उभं राहून! ही गोष्ट आईला विलक्षण वाटली. फौजदारापुढं आपण उभं राहायचं, आणि आपल्यासाठी मंत्र्यानं उभं राहायचं. तिनं घावन घातले आणि वकीलकाकांना पोटभर जेवू घातलं.

प्रश्न लिहायला आमच्या ओटीवर सगळी आळी जमली. काकांचं म्हणणं एवढंच, की प्रश्न आखूड ठेवायचा. या इसमास हद्दपार केले हे खरे काय? त्याआधी त्याचा फौजदाराशी शहाळ्यावरून खटका उडाला हे खरे काय? बस्स. "मंत्र्याला निसटायला जागा ठेवायची नाही," ते म्हणाले. पण आई कुठली ऐकतेय! ती म्हणाली, "त्यांना मुळात समजायला नको का, तो पलीकडं का जन्मला ते? त्यात माझ्या लेकाचा काय गुन्हा? आमची चालच ती आहे. मंत्री झाले तरी त्यांना आई असेलच ना? लिहा, की या आळीतलं प्रत्येक पहिलं मूल पलीकडचंच आहे."

झालं. सगळ्या बायकांना कंठ फुटला. माझा थोरला तिकडचा. माझे मामंजी तिकडचे. शेजारच्या काकी म्हणाल्या, आमच्यात तर तीन पिढ्यांचे थोरले तिकडचे, तेही घाला. पोलीसपाटलाची बायको मागं राहील होय? "आमचे हेसुद्धा तिकडचेच!" म्हणाली. पाटील ओटीच्या कडेला बसून हसत होते. काकांनी शेवटी हात टेकले आणि तेही कलम घातलं: या गावी बहुतेक घरांतील ज्येष्ठ अपत्ये रूढीप्रमाणे संस्थानातच जन्मली आहेत, हे सरकारास ठाऊक आहे काय?

आम्हाला वाटलं, बिनतोड झालं. एकाला काढाल, अख्ख्या गावाला काढाल का? त्या दिवशी मला माझ्या आळीचा फार अभिमान वाटला.

उत्तर आलं ते वर्तमानपत्रात. मुंबईहून अंक यायला दुसरा दिवस उजाडायचा. ओटीवर पुन्हा तेवढीच माणसं, आणि मध्ये मी, हातात अंक घेऊन. न्यायमंत्र्यांनी उत्तर दिलं होतं. एक, होय. दोन, नाही, हुकूम पोलिसांच्या अहवालावरून काढला, त्याचा शहाळ्याशी संबंध नाही. पुढं कंसात 'हशा' असं छापलं होतं. तीन, अशा इतक्या व्यक्ती त्या गावी आहेत हे सरकारास आजवर ठाऊक नव्हते. ही माहिती पुरवल्याबद्दल सरकार सन्माननीय सभासदांचे आभारी आहे. त्या सर्वांची चौकशी करण्याचा हुकूम देण्यात येत आहे.

मी थांबले. मग शेजारच्या काकींनी पदर सावरला आणि उठल्या. "तुमच्यापायी आता आमच्याही घरात पोलीस येणार," म्हणाल्या. त्यांच्यामागून एकेक करत ओटी रिकामी झाली. मला त्या उत्तरापेक्षा तो 'हशा' जास्त झोंबला. कशाला हसले मेले? माझ्या भावाचं घर सुटलं होतं आणि ते शहाळ्याला हसत होते! आता म्हणाल, तूही हसली होतीस. हसले होते. पण तेव्हा तो घरात होता.

वैशाखात चौकशी झाली. फौजदार घरोघर फिरले, बरोबर लिहून घेणारा शिपाई आणि पोलीसपाटील. प्रत्येक दारात एकच प्रश्न, तुमचा थोरला कुठं जन्मला? आणि काय सांगू, तेवढ्या दिवसांत सगळ्या आळीचे जन्म खाडी ओलांडून अलीकडं आले होते! "इथंच की, या खोलीत." "इथंच, पाऊस नुसता कोसळत होता." ज्या काकींच्या तीन पिढ्या पलीकडं जन्मल्या होत्या, त्यांनी तर बाळंतिणीची खाट कुठं होती तेही बोटानं दाखवलं. फौजदारांनी पाटलांकडं बघितलं. पाटील म्हणाले, "मीसुद्धा इथलाच, साहेब." आणि जमिनीकडं बघत राहिले.

मग फौजदारांनी आमच्या सुईणमावशीला बोलावलं. ही सगळी बाळंतपणं तू केलीस? मावशीनं आळीकडं एक नजर टाकली. दारादारांत बायका उभ्या. "व्हय, सायेब," ती म्हणाली, "समदी म्याच केली." एका दुपारीत तिच्या हातून पन्नास-साठ बाळंतपणं झाली असतील. त्यात तिच्याहून मोठे पाच-सात म्हातारेही होते. शिपायानं तेही लिहून घेतलं.

आमचं घर शेवटचं. आई दारातच उभी होती. आळीतलं सगळं तिनं ऐकलं होतं. खोटं बोलायचं म्हटलं की तिचा आवाज बारीक व्हायचा, तसा बारीक आवाज काढून ती म्हणाली, "माझाही इथलाच, साहेब. तेव्हा गडबडीत काहीतरी सांगितलं गेलं."

फौजदार रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून छापील कागद काढला, घडी उलगडली आणि हळू आवाजात म्हणाले, "आई, हा असेंब्लीतला प्रश्न. तुमच्याच घरून गेलेला. यात तुम्हीच म्हणता, तो पलीकडं जन्मला. सरकारात छापून आलंय. आता मी काय लिहू, सांगा?"

इतरांची बोललेली तोंडं होती, फिरवली की फिरली. आमचं तेवढं छापून बसलं होतं.

वकीलकाकांना पत्र गेलं, ते धावत आले. म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही. आळीतल्या दोन-चार घरांनी जरी खरं सांगितलं, की चाल अशी आहे, तरी आपण पुन्हा प्रश्न लावू. मंत्री अख्खं गाव काही हाकलणार नाहीत. एकट्याला हाकलणं सोपं असतं, ते म्हणाले. आई दुसऱ्या दिवशी दारोदार गेली. मीही गेले तिच्याबरोबर. कोणी पाट मांडला, कोणी ताक दिलं, पण त्या गोष्टीवर आलं की प्रत्येकीच्या तोंडाला कुलूप. काकी म्हणाल्या, "माझा थोरलाच कमावता आहे गं. तो गेला तर आम्ही काय खायचं?"

घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. जन्मात यांच्या दारात पाऊल टाकणार नाही, यांच्या हळदीकुंकवाला जाणार नाही, काय काय बोलले. आई भात निवडत होती. म्हणाली, "त्यांचं लेकरू ओटीवर बसलंय. माझं असं ओटीवर असतं आणि कोणी दारात आलं असतं, तर मी तरी काय केलं असतं?" आणि मग स्वतःशीच, "मीच ते कलम घालायला लावलं." त्यानंतर ती हे कधी बोलली नाही, पण वाडीत पिवळी पोफळ दिसली की तिथं उभी राहायची.

काकांनी तरीही पुन्हा प्रश्न लावला. तोवर पाऊस लागून रहाट बंद झाला होता. वहिनीचे दिवस भरत आले. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणजे नागावला. नागावहून तिचा भाऊ दोनदा गाडी घेऊन आला आणि दोनदा रिकामी गाडी घेऊन गेला. वहिनी म्हणायची, "उत्तर येऊ दे. मग जाते." तिला वाटत होतं, दादा येईल, त्याला भाकरी करून घालीन आणि मग निघेन. बोलली नाही, पण त्याचं धोतर तिनं धुऊन दांडीवर वाळत टाकलेलं मी बघितलं होतं. ते इतके महिने घडी करून पेटीत होतं.

श्रावण सरता सरता अंक आला. या खेपेला ओटीवर आम्ही तिघीच. आणि सुईणमावशी, ती वहिनीचं पोट बघायला आलेली होती. आळीतलं कोणी आलं नाही, पण दारं उघडी होती. मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. काय ते त्यांच्याही कानावर जाऊ दे.

न्यायमंत्र्यांनी सांगितलं होतं: सरकारने घरोघर चौकशी केली. त्या गावी प्रश्नात म्हटल्याप्रमाणे कोणतीही रूढी असल्याचे आढळून आले नाही. संस्थानात जन्मलेली व्यक्ती एकच आढळली. ती व्यक्ती आता संस्थानातच राहत आहे. सबब फेरविचाराचा प्रश्न उद्भवत नाही.

या वेळी 'हशा'ही नव्हता. लगेच खाली रस्त्यांच्या दुरुस्तीवरचा प्रश्न सुरू होत होता.

आईनं विचारलं, "म्हणजे येतोय का नाही?" मी म्हटलं, "नाही." तिनं मान हलवली. मी रडायला लागले, रडता रडता मंत्र्याला, फौजदाराला, आळीला, कोणाकोणाला शिव्या देत होते. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "एकच आढळली म्हणे?"

"हो. एकच."

ती हात टेकून उठली. आत गेली. दांडीवरचं धोतर काढलं, स्वतःची दोन लुगडी, बाळंतविड्यातली दुपटी, सगळं एका बोचक्यात बांधलं. मला वाटलं, नागावला निघाली. आईलाही तसंच वाटलं. "गाडीला निरोप धाडते," आई म्हणाली.

"नागावला नाही," वहिनी म्हणाली. "पलीकडं जाते. हे तिथं आहेत, तर मूलही तिथंच होऊ दे."

आईनं तिचा हात धरला. "अगं वेडे! एकाचं हे एवढं झालं. मूल तिथं झालं तर तेही... तुला कळतंय का मी काय म्हणतेय ते?"

"कळतंय," वहिनी म्हणाली. "त्यांना एकटंच लिहिलंय ना? एकटं नाही राहू द्यायचं मला."

एवढं बोलताना तिला मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आईनं हात सोडला, आत जाऊन डिंकाचा डबा आणला आणि बोचक्यात कोंबला. सुईणमावशी उठली, कासोटा घट्ट केला. "चल, म्या येते," म्हणाली. "इतकी केली म्हनून सांगितलं त्या सायबाला. येक तरी खरी करू दे."

आळीतून आम्ही चौघी निघालो तेव्हा दारांतल्या बायका आत सरकल्या. फक्त त्या काकी बाहेर आल्या, वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि परत फिरल्या. त्यांच्या घरी मी पुढं कैक वर्षं गेले नाही, पण ते कुंकू मी विसरले नाही.

तरीवर इकडच्या अंगाला चौकीतलाच शिपाई उभा होता, शहाळी मागायला यायचा तो. त्यानं वहिनीकडं बघितलं, पोटाकडं बघितलं. "कुठं निघालात, बाई?"

"माहेरी," वहिनी म्हणाली. "पहिलटकरीण आहे."

"तुमचं माहेर नागावला ना? ते मागं राहिलं."

नाखव्यानं फळी टाकली. वहिनी मावशीचा हात धरून होडीत चढली, नीट बसली, बोचकं मांडीवर घेतलं आणि मग शिपायाकडं वळून म्हणाली, "फौजदारसाहेबांना सांगा, पुढच्या खेपेला दोन लिहा."